रुमालांत बांधलेली घराणी

अमरावतीहून नागपूरच्या वाटेला लागले की थोड्याच वेळात नांदगाव पेठ येते. आज या नावाबरोबर औद्योगिक वसाहत आणि महामार्गावरची वर्दळ आठवते. पण गाव जुने आहे आणि घराणीही जुनी आहेत. त्यांपैकी एखाद्या घराण्याने आपली वंशावळ मागे न्यायची ठरवली, तर पणजोबांपर्यंतची वाट बरीचशी सरळ असते. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, जन्म-मृत्यूच्या नोंदी असलेले कोतवाल बुक, तहसिलीतील हक्कनोंदणी यांतून तीन-चार पिढ्यांची नावे हाती लागतात. त्यापलीकडे मात्र वाटेला फाटे फुटतात. १९५६ पूर्वीचे सरकारी कागद मध्यप्रांत व वऱ्हाडच्या राजवटीचे, म्हणजे नागपूरचे. १८५३ पूर्वीचा अंमल निजामाचा, म्हणजे हैदराबादचा. १८०३ च्या देवगावच्या तहापूर्वी तर एकाच गावावर दोन धनी: महसुलाचा एक हिस्सा निजामाचा आणि दुसरा नागपूरकर भोसल्यांचा. या भोसल्यांचा पुण्याशी सतत पत्रव्यवहार होता. तेव्हा वऱ्हाडच्या भूतकाळाचा एक धागा पुण्याच्या पेशवे दफ्तरात जाऊन पोहोचतो आणि तेथे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांची गाठ पडते.

सरदेसायांचे नाव मराठी वाचकाला ठाऊक आहे ते रियासतींमुळे. मराठ्यांच्या राज्याची आरंभापासून अखेरपर्यंतची सलग हकीकत मराठीत प्रथम त्यांनी लिहिली. परंतु त्यांच्या दीर्घ आयुष्याचा दुसरा एक धंदा होता आणि त्याची चर्चा त्या मानाने कमी होते. सरकारने आपल्या सोयीसाठी, वसुलीसाठी, प्रसंगी प्रजेवर अविश्वास म्हणून जमवलेल्या कागदांतून घराण्यांच्या पिढ्या बाहेर काढणे, हा तो धंदा.

१७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल या लहान गावी एका सामान्य शेतकरी ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रत्नागिरी, पुण्याचे फर्ग्युसन आणि मुंबईचे एल्फिन्स्टन महाविद्यालय अशी मजल दरमजल करीत ते १८८८ मध्ये पदवीधर झाले. पुढच्याच वर्षी बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पदरी वाचक म्हणून त्यांची नेमणूक झाली. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवणे, राजपुत्रांना शिकवणे, दौऱ्यावर आणि परदेशप्रवासात बरोबर राहणे असे कामाचे स्वरूप होते. राजपुत्रांसाठी काढलेल्या इतिहासाच्या टिपणांतून ग्रंथ वाढत गेला आणि १८९८ मध्ये मुसलमानी रियासत प्रसिद्ध झाली. १९०२ मध्ये मराठी रियासतीचा पहिला भाग आला. नोकरी सांभाळून, रात्रीच्या दिव्यावर, हा लेखनाचा रगाडा पुढे तीस वर्षे चालला.

रियासतीची पाने चाळणाऱ्याला एक गोष्ट लगेच जाणवते. लढाया आणि तह यांच्या मधोमध घराण्यांच्या हकिकती आणि वंशावळी येतात. मूळ पुरुष कोण, तो कोठून आला, पहिली सनद कोणाची, पुढे शाखा किती झाल्या, याचा पाठपुरावा सरदेसाई चिकाटीने करतात. यामागे साधे कारण होते. मराठ्यांचे राज्य हे घराण्यांचे राज्य होते. सरंजाम वंशपरंपरेने चालत. देशमुखी, देशपांडेपण, पाटीलकी, कुलकर्ण ही वतने वंशपरंपरेने चालत. आणि भाऊबंदकीही अर्थातच वंशपरंपरेने चाले. कोण कोणाचा मुलगा आणि कोण कोणाचा दत्तक हे कळल्याशिवाय अर्धे राजकारण उलगडत नाही.

नागपूरकर भोसल्यांचेच उदाहरण पाहावे. या घराण्यात रघूजी तीन झाले. पहिला रघूजी १७५५ मध्ये वारला, दुसरा १८१६ मध्ये, तिसरा १८५३ मध्ये. आणि तिसऱ्याला औरस पुत्र नाही असे म्हणून इंग्रजांनी पुढच्या वर्षी राज्य खालसा केले. मधल्या काळात जानोजी निपुत्रिक. त्याने धाकटा भाऊ मुधोजी याचा मुलगा दत्तक घेतला, तोच दुसरा रघूजी. हे दत्तक विधान दुसरा भाऊ साबाजी याला मान्य नव्हते. भावाभावांतला तंटा पाचगावच्या रणांगणावर गेला आणि १७७५ मध्ये साबाजी तेथे मारला गेला. वंशावळीतल्या एका तुटक रेघेसाठी वऱ्हाड-नागपुरात माणसे मेली. वर नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल असल्यामुळे, रघूजी किंवा मुधोजी एवढेच नाव असलेले सुटे पत्र हाती आले तर ते कोणाचे, हा प्रश्न अभ्यासकाला घाम फोडतो. पेशव्यांकडेही बाळाजीचा बाजीराव आणि बाजीरावाचा बाळाजी आहेतच.

बडोद्यात असतानाच, १९०४ च्या सुमारास, बंगालमधील इतिहासकार यदुनाथ सरकार यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. यदुनाथांना औरंगजेबाच्या चरित्रासाठी मराठी साधने हवी होती, सरदेसायांना फारसी साधनांचा अर्थ हवा होता. गरजेतून जुळलेले हे नाते पन्नास वर्षांहून अधिक टिकले. दोघांनी मिळून जुने किल्ले आणि रणक्षेत्रे पायाखाली घातली. सरदेसायांच्या पुढच्या आयुष्याला जे वळण मिळाले ते या मैत्रीमुळे.

१९२५ हे वर्ष त्यांना फार जड गेले. बडोद्याची नोकरी संपवून ते पुण्या-लोणावळ्याच्या मधल्या कामशेतला, इंद्रायणीच्या काठी, राहण्यास आले. त्याच वर्षी त्यांचा तरुण मुलगा श्यामकांत गेला. शांतिनिकेतनात शिकलेला आणि पुढे रसायनशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेलेला हा मुलगा म्हणजे आईवडिलांची सारी आशा. दुःखाचे प्रदर्शन करण्याचा सरदेसायांचा स्वभाव नव्हता. नऊ वर्षांनी, १९३४ मध्ये, त्यांनी श्यामकांतची पत्रे पुस्तकरूपाने छापली. मुलाची आठवण जपण्याचा मार्गही त्यांना कागद जपण्याचाच सुचला. त्यानंतरची चौतीस वर्षे हा माणूस इतरांच्या घराण्यांच्या पिढ्या जुळवीत बसला होता, हे त्यांच्या चरित्राच्या वाचकाला विसरता येत नाही.

आता पेशवे दफ्तराकडे वळावे लागेल. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि सरकारी दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्यांना त्यात इतिहास पाहायचा नव्हता. कोणत्या गावाचा वसूल किती आणि कोणती जमीन कोणाला इनाम, एवढेच हवे होते. पुढे इनाम कमिशन आले आणि १८५२ च्या कायद्याने त्याला अधिकार मिळाले. प्रत्येक इनामदाराने आपली सनद दाखवावी, मूळ इनाम मिळवणाऱ्या पुरुषापासून आपण त्याच वंशातले आहोत हे सिद्ध करावे, नाहीतर जमिनीवर सारा बसेल, असा तो मामला होता. घरोघरच्या पेट्या उघडल्या गेल्या. कैफियती लिहिल्या गेल्या, त्यांना वंशावळी जोडल्या गेल्या. घराण्यांनी आणून हजर केलेल्या अशा कागदांचा एक स्वतंत्र विभागच दफ्तरात तयार झाला. त्याला जमाव म्हणतात. दख्खनच्या कितीतरी कुटुंबांची सर्वांत जुनी लेखी वंशावळ जमीन जाण्याच्या भीतीतून जन्मली आहे, हा इतिहासाचा विचित्र न्याय म्हणावा लागेल.

हे सारे कागद पुण्यातील दगडी इमारतीत येऊन पडले. सुमारे पस्तीस हजार रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आणि बहुतेक मजकूर मोडीत. दफ्तराचे इंग्रजी नाव एलिएनेशन ऑफिस. एलिएनेशन म्हणजे सरकारी हक्कातून सुटलेली, इनाम दिलेली जमीन. नावातच दृष्टी आली. आत काय आहे याची यादी बाहेरच्यांना नाही आणि सामान्य अभ्यासकाला प्रवेशही नाही. जुना कागद एखाद्या इनामदाराच्या हाती लागला तर मिटवलेले दावे पुन्हा उभे राहतील, ही सरकारची धास्ती होती. न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांनी या साधनांचे मोल ओळखले. गणेश चिमणाजी वाड यांनी केलेल्या उताऱ्यांतून सातारकर राजे आणि पेशवे यांच्या रोजनिशीचे खंड विसाव्या शतकाच्या आरंभी छापले गेले. पण ती फट होती, दार नव्हे. दरम्यान विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून खासगी घरांतील कागद जमवीत होते आणि १८९८ पासून ते छापीत होते. सरकारी दफ्तराचे दार मात्र बंदच राहिले. राजवाडे १९२६ च्या अखेरीस गेले.

१९२९ मध्ये मुंबई सरकारने दफ्तरातील निवडक कागद छापण्याचे ठरवले. यदुनाथांच्या शिफारशीवरून हे काम सरदेसायांकडे आले. त्या वेळी त्यांचे वय चौसष्ट होते. हाताशी मोडी वाचणारी मोजकी माणसे, समोर पस्तीस हजार रुमाल आणि मुदत थोडी. १९३४ पर्यंत पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस खंड बाहेर पडले. या वेगाची कल्पना आज करता येत नाही. १९३३ मध्ये त्यांनी दफ्तरातील कागदांची माहिती देणारी इंग्रजी मार्गदर्शिकाही सिद्ध केली. कोणत्या विभागात काय आहे हे बाहेरच्या माणसाला सांगणारी ही पुस्तिका म्हणजे कुलपाची किल्लीच होती.

काम किती किचकट असे, याची कल्पना एका तारखेवरून येईल. पेशवाईतील पत्रात बहुधा अरबी महिन्याचा चंद्र दिलेला असतो, वर्ष नसतेच. जेथे असते तेथे ते सुहूर सनाचे आणि तेही अंकांत नव्हे, अरबी शब्दांत. इहिदे सबैन मया व अलफ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात ११७१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की १७७०-७१ हे इसवी वर्ष येते. वऱ्हाडच्या कागदांत फसली सन भेटतो, तेथे बेरीज ५९० ची. शके, राजशक आणि हिजरी आणखी वेगळे. वर्ष नसलेल्या पत्राचे वर्ष मजकुरातील मुक्कामावरून, माणसांच्या जिवंत असण्यावरून ठरवायचे. येथे वंशावळ उपयोगी पडते. आणि अशा पत्रांवरून वंशावळही तपासून घेता येते. इनाम कमिशनपुढच्या कैफियतीत इनामदार आपला पूर्वज सोयीने दोन पिढ्या मागे नेतो, दत्तकाला औरस म्हणतो, निर्वंश झालेल्या भावाची शाखा गाळून टाकतो. त्याच पूर्वजाचे समकालीन पत्र सापडले की थापेला थारा उरत नाही. दाव्यासाठी लिहिलेला कागद आणि सहज लिहिला गेलेला कागद यांतला हा फरक ध्यानात ठेवूनच वंशावळ वाचावी लागते.

या कामावर टीकाही झाली आणि ती निराधार नव्हती. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षे जे मागितले ते खुले दफ्तर; मिळाला तो एका माणसाने केलेला निवडा. जो कागद राजकारणाचा नाही तो सरदेसायांच्या चाळणीतून गळण्याची शक्यता मोठी होती. राजवाड्यांच्या परंपरेतील माणसाला प्रत्येक चिटोरा मोलाचा. सरदेसायांचे धोरण निराळे होते: आयुष्य थोडे, कागद अफाट, तेव्हा महत्त्वाचे आधी बाहेर काढावे. दोन्ही पक्षांत तथ्य होते. पण घराण्याचा शोध घेणाऱ्या सामान्य माणसाच्या बाजूने पाहिले, तर मंडळाची तक्रारच अधिक पटते. शिंदे, होळकर, पटवर्धन यांना खंडांत जागा मिळाली. मोहतर्फा भरणारा तेली, वेठीला गेलेला महार, गावझाड्यात नाव असलेला कुणबी हे सारे न छापलेल्या रुमालांतच राहिले. बायका तर वंशावळीत जवळपास नसतातच. मुलीची रेघ कोणी ओढत नाही. तिचा पत्ता लागलाच तर लग्नाच्या खर्चाच्या यादीत, लुगड्या-खणाच्या नोंदीत लागायचा.

वऱ्हाडच्या वाचकाने पंचेचाळिसांतला विसावा खंड मुद्दाम पाहावा. १७१७ ते १७७४ या काळातील नागपूरकर भोसल्यांचे कागद त्यात आहेत. पण या प्रांताला आणखी एक देणे मिळाले ते बुलढाण्याच्या एका वकिलामुळे. यादव माधव काळे यांनी १९२४ मध्ये वऱ्हाडचा इतिहास आणि १९३४ मध्ये नागपूर प्रांताचा इतिहास प्रसिद्ध केला. सरदेसायांनी त्यांची पारख केली होती. ऐतिहासिक पत्रव्यवहाराच्या संपादनात दोघांची नावे बरोबर आहेत. पुढे यदुनाथ आणि सरदेसाई यांच्या देखरेखीखाली पुणे रेसिडेन्सीचा इंग्रजी पत्रव्यवहार छापला जाऊ लागला, तेव्हा नागपूर प्रकरणाचा पाचवा खंड काळ्यांकडे सोपवण्यात आला. १७८१ ते १८२० या चाळीस वर्षांतला वऱ्हाड-नागपूरचा पत्रव्यवहार त्यात आहे. पुण्याच्या इमारतीतून सुटलेला धागा वऱ्हाडच्या माणसाच्या हाती आला तो असा.

वयाच्या ऐंशीनंतरही सरदेसायांची लेखणी थांबली नाही. १९४६ ते १९४८ या काळात त्यांनी मराठ्यांचा नवा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत लिहिला; रियासत लिहिताना जे कागद पाहायला मिळाले नव्हते ते आता समोर होते, म्हणून जुनी मते अनेक ठिकाणी बदलली आणि ते बदलल्याचे त्यांनी लपवले नाही. १९५६ मध्ये माझी संसारयात्रा हे आत्मचरित्र आले. आणि १९५७ मध्ये, ब्याण्णवाव्या वर्षी, ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी हा ग्रंथ मुंबई सरकारने छापला. ज्या सरकारी दफ्तरात इनामदारांना वंश सिद्ध करण्यासाठी हात जोडून उभे राहावे लागले होते, त्याच दफ्तराच्या आधाराने तयार झालेल्या वंशावळी आता सरकारनेच लोकांच्या हाती दिल्या. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. १९५८ च्या मे महिन्यात यदुनाथ गेले. पुढच्या वर्षी, २९ नोव्हेंबर १९५९ रोजी, कामशेतला सरदेसायांनी देह ठेवला.

पुण्याचे दफ्तर आता राज्याच्या पुराभिलेख विभागाकडे आहे आणि अभ्यासकाला अर्ज करून तेथे बसता येते. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडचे सरकारी कागद नागपूरच्या पुराभिलेखागारात पाहायला मिळतात. वंशावळ शोधण्याची निकड मात्र पुन्हा इनाम कमिशनच्या काळासारखीच झाली आहे. जातीच्या दाखल्यासाठी आणि त्याच्या पडताळणीसाठी पूर्वजांची नोंद लागते. इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा विचारला जातो. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीमार्फत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतील अभिलेख कक्षांचे गठ्ठे सुटले आणि मोडी वाचणारी माणसे कमी पडू लागली. तहसिलीच्या खिडकीशी उभा असलेला माणूस नक्कल मागतो ती शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी. नकलेत पणजोबाचे नाव प्रथमच वाचायला मिळते, ही त्याची अधिकची मिळकत.

नांदगाव पेठेच्या त्या घराण्याला १९५७ च्या ग्रंथात आपले नाव सापडण्याचा संभव थोडा आहे. त्यात शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले आहेत. गावच्या कुळांची वंशावळ कोणी छापलेली नाही. ती मांडायची तर कोतवाल बुकापासून सुरुवात करावी लागेल, मग मोजणीच्या वेळच्या जुन्या खातेवहीत त्याच शेताचा आधीचा धनी शोधावा लागेल, आणि दोन नावांमधली रेघ ओढण्यापूर्वी, सरदेसाई करीत तसे, तिसरा एखादा कागद पडताळून पाहावा लागेल.